इंग्रजी बोलणाऱ्यांना संस्कृतचे उच्चार कसे शिकवावेत?

माजघर
६ फेब्रुवारी, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत आले, आज पहिलाच धागा काढतेय. अडलं आहे, आणि विचारायला इथे जवळपास कोणी नाही.

मी इंग्लंडात लीड्सला राहते, मूळची साताऱ्याची. सप्टेंबरपासून दर गुरुवारी संध्याकाळी सहा जणांना संस्कृत वाचायला शिकवते. चौघं इथलीच, यॉर्कशरची. एक बाई ग्लासगोच्या. एक मुलगा अमेरिकेतून इथे शिकायला आलेला. दोघी योगाचे वर्ग घेतात, एक आजोबा निवृत्त पोस्टमन आहेत. सगळ्यांना मिळून एकच गोष्ट हवी आहे: गीतेचा पहिला अध्याय मोठ्याने, न अडखळता वाचता यावा. अर्थ त्यांनी भाषांतरातून केव्हाच वाचला आहे. त्यांना आवाज हवा आहे.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. संस्कृत शिकवणाऱ्या कितीतरी इंग्रजी पुस्तकांत सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की अ म्हणजे 'बट' या शब्दातला स्वर. मी तेच फळ्यावर लिहिलं आणि 'नमस्ते' वाचायला सांगितलं. चौघांनी एका सुरात वाचलं, 'नुमुस्ते'. मी चक्रावले. मग विचारलं, तुम्ही 'बट' कसं म्हणता? आजोबा म्हणाले, 'बुट'. उत्तर इंग्लंडात 'बट' आणि 'पुट' या दोन्हींत स्वर एकच असतो, उ च्या जवळचा. पुस्तकं लिहिली गेली दक्षिणेकडचे उच्चार धरून, आणि माझ्यासमोर बसलेत उत्तरेकडचे. शेवटी 'अबाउट'मधला पहिला आणि 'सोफा'मधला शेवटचा स्वर सापडला. तो इथेही आपल्या अ सारखाच निघतो. 'नमस्ते'तले दोन्ही अ तिथून उचलून आणले आणि पाच मिनिटांत काम झालं.

तेव्हापासून मी हाच मार्ग धरला आहे. नवा आवाज 'असा काढा' म्हणून दाखवण्यापेक्षा तो त्यांच्या रोजच्या बोलण्यात कुठे दडला आहे ते आधी शोधायचं. ञ 'अनियन'मध्ये सापडला, ङ 'सिंगिंग'च्या शेवटी. ए आणि ओ बद्दल पुस्तकं बजावतात की इंग्रज माणूस वेद ला 'वेय्द' म्हणेल आणि लोक ला 'लोउक'. पण आमच्या आजोबांचे ए-ओ साताऱ्यातल्यासारखे सरळ आहेत, कारण यॉर्कशरच्या जुन्या बोलण्यात 'गो' हा 'गो'च राहतो, शेवटी उ कडे वळत नाही. ग्लासगोच्या बाईंचंही तसंच, वर त्यांचा र सुद्धा स्पष्ट.

आता अडलं कुठे ते सांगते. त आणि ट त्यांना एकच ऐकू येतात. भ चा ब होतो. 'अथ'मधला थ 'थिंक'सारखा दातांतून वारा सोडून जातो. 'कर्म'मधला र चौघांच्या तोंडून गायब होतो आणि उरतं 'कामा'. काम हा तर गीतेत वेगळाच शब्द आहे! आणि ह्रस्व-दीर्घाची तर पार वाताहत. मोठ्या माणसांना हे कोणी शिकवलं आहे का? लहान मुलं नुसत्या ऐकण्याने उचलतात, यांना कारण सांगावं लागतं.


चिंचगूळ
७ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

ताई, धागा फार आवडला. 'नुमुस्ते' वाचून मीही थबकले, कारण 'बट'चं उदाहरण मी स्वतः दहा वर्षं देत आले आहे. पुण्यात सुट्टीत येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना शिकवते. त्यातले बरेचसे अमेरिकन, म्हणून माझं निभावलं असणार.

माझं एकच सांगणं: रोमन लिपी पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा. विल्यम जोन्स यांनी १७८८ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या पहिल्या खंडात आशियाई शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत यावर निबंध लिहिला. तिथपासून घासत घासत १८९४ च्या जिनिव्हाच्या प्राच्यविद्या परिषदेत टिंबं आणि रेघा देऊन लिहायची पद्धत ठरली. अभ्यासकांसाठी ती पद्धत उत्तमच आहे, एकेका वर्णाला एकेक खूण. पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला इंग्रजीची सवय असते. त्या पद्धतीत च साठी नुसता 'सी' लिहितात, की नवखा माणूस त्याचा क करतो. त्याऐवजी लोकांच्या सवयीचं 'सीएच' लिहावं तर चक्राचा 'शाक्रा' होतो. हठयोगातला ठ 'टीएच' दिसला की जीभ आपोआप दातांत जाते. फल मधला 'पीएच' दिसला की वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. आणि ज्ञानमुद्रेचं 'जनाना मुद्रा' झालेलं मी या कानांनी ऐकलं आहे. ती मुलगी बिचारी समोर लिहिलं होतं तेच प्रामाणिकपणे वाचत होती.

देवनागरीत या जुन्या सवयी नसतात. थ हे अक्षर त्यांनी आधी कधी पाहिलेलंच नाही, म्हणून त्याला कोणता आवाज द्यायचा ते तुमच्या हातात राहतं. पहिले दोन महिने वेग कमी राहील, राहू द्या.


पडजीभ
७ फेब्रुवारी, दुपारी २:४०

मी नागपूरला स्पीच थेरपिस्ट आहे. संस्कृत शाळेपुरतंच, पण भ आणि ब चा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजीत प, ट, क शब्दाच्या सुरुवातीला आले की त्यांच्यामागून हवेचा झोत सुटतो. इंग्रज माणूस 'पिन' म्हणतो तेव्हा तो खरं तर 'फिन' म्हणत असतो (ओठ मिटून काढलेला आपला फ). पण त्याच प च्या आधी स आला की झोत नाहीसा होतो: 'स्पिन', 'स्टॉप', 'स्काय'. म्हणजे अल्पप्राण प, ट, क त्यांच्याकडे आहेतच, फक्त स च्या मागे लपलेले. वर्गात असं करा. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी फाडा आणि प्रत्येकाला ती नाकाच्या शेंड्यापाशी धरून ओठांसमोर सोडायला सांगा. 'पिन' म्हटलं की पट्टी उडेल, 'स्पिन' म्हटलं की जवळजवळ जागेवर राहील. मग 'स्पिन'मधला स मनातल्या मनात म्हणायचा आणि 'पिन' तेवढं बाहेर काढायचं. पट्टी हलली नाही की तो आपला प.

इथे एक गोष्ट नक्की होईल, त्यासाठी तयार रहा. विद्यार्थी म्हणेल, 'पण मी तर ब म्हणतोय!' त्याच्या कानाला झोत नसलेला प हा ब वाटतो. इंग्रज कान प-ब मधला फरक मोठ्या प्रमाणात झोतावरून ओळखतो, आपला कान घशातल्या कंपनावरून. म्हणून त्यांना गळ्यावर बोटं ठेवायला लावा. आपल्याकडे ओठांच्या जागी प, फ, ब, भ असे चार वेगळे आवाज आहेत, त्यांच्याकडे दोनच. चार खणांचं कपाट दोन खणांत बसवायला गेलं की हेच होणार.

आता भ, ध, घ. मोनियर-विल्यम्स यांचा जन्म मुंबईचा, १८१९ चा. पुढे ऑक्सफर्डला संस्कृतचे प्राध्यापक झाले. त्यांच्या १८९९ च्या शब्दकोशात या अक्षरांसाठी इंग्रजी जोडशब्द दिले आहेत: झ साठी 'हेजहॉग', फ साठी 'अपहिल', घ साठी 'लॉगहट'. ही युक्ती अजूनही चालते. 'क्लबहाउस' भरभर म्हणायला लावा आणि मग 'क्ल' गाळा. 'डॉगहाउस'मधून घ निघतो. सुरुवातीला ब आणि ह वेगवेगळे पडतील, आठवडाभरात एकमेकांत मिसळतात. पट्टी इथेही ठेवा, आणि दुसरा हात गळ्यावर: गळा थरथरला पाहिजे आणि पट्टीही हलली पाहिजे, दोन्ही एकदम.

आपल्या जुन्या लोकांनी हे किती बारकाईने पाहिलं होतं ते मला खूप उशिरा कळलं. तैत्तिरीय प्रातिशाख्यात (वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणारा जुना ग्रंथ) म्हटलं आहे की कंठ मिटलेला असताना नाद होतो, उघडा असताना श्वास, आणि मधल्या स्थितीत हकार. आणि हाच हकार ह मध्ये आणि प्रत्येक वर्गाच्या चौथ्या अक्षरात असतो. चौथी अक्षरं म्हणजे घ, झ, ढ, ध, भ. स्वरतंतू थरथरताहेत आणि त्यांच्यातून थोडी हवाही निसटते आहे, हीच ती मधली स्थिती. अमेरिकन संस्कृत अभ्यासक व्हिटनींनी १८७१ मध्ये या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा त्यांना हे 'मधलं' नीट उमगलं नव्हतं. इंग्रजीत तो आवाज शब्द म्हणून वेगळा काढायची वेळच येत नाही, म्हणून कानाने पकडणं अवघड गेलं असावं असं मला वाटतं. पुढे अॅलन यांनी १९५३ मध्ये प्राचीन भारतीय ध्वनिशास्त्रावर पुस्तक लिहिलं, त्यात प्रातिशाख्याची बाजू लावून धरली.


पश्चिमवारा
८ फेब्रुवारी, पहाटे ५:३०

न्यू जर्सीहून. माझी मुलगी इथेच वाढली, घरात मराठी कळते पण बोलते इंग्रजी. तिला रामरक्षा शिकवताना जे सापडलं ते सांगतो, तुमच्या अमेरिकन मुलाला उपयोगी पडेल.

अमेरिकन माणसाला र शिकवायला जाऊ नका, तो त्याच्याकडे तयार आहे. फक्त तो त्याला ट समजतो! 'वॉटर', 'सिटी', 'बेटर' हे शब्द अमेरिकन वळणाने म्हणायला सांगा. मधला ट म्हणताना जीभ हिरडीला एकदाच टिचकी मारून सुटते. ती टिचकी म्हणजे आपला र. त्यांचा स्वतःचा र मात्र तोंडात गोळा होऊन बसतो, जीभ कुठेच टेकत नाही. मुलीला मी 'राम' म्हणायला सांगायचो तर तो गोळाच यायचा. एके दिवशी 'सिटी'तला मधला आवाज घेऊन त्यापुढे 'आम' लावायला सांगितलं. पहिल्याच झटक्यात स्वच्छ 'राम'. तिची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आणि ऋ बद्दल. आपण महाराष्ट्रात 'क्रुष्ण' म्हणतो, उत्तरेत 'क्रिष्ण'. ऋ हा स्वर आहे, म्हणजे र स्वतःच अक्षर पेलतो, त्याला उ किंवा इ चा टेकू लागत नाही. अमेरिकन माणूस 'बर्ड'च्या मध्ये किंवा 'बटर'च्या शेवटी नेमकं हेच करतो: नुसता र, स्वर नाहीच. तसंच ऌ. क्ऌप्त हा शब्द आपल्याला जड जातो, पण 'लिटल', 'टेबल' यांच्या शेवटी इंग्रजी बोलणारे सगळे जण नुसता ल अक्षर म्हणून उच्चारतात. या दोन स्वरांच्या बाबतीत ते आपल्या पुढे आहेत. जिभेची ठेवण बदलायची, बाकी तत्त्व तेच.


सह्यकडा
८ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये.

एवढी शुद्धी कशासाठी? सातासमुद्रापार कोणी माणूस कामावरून थकून येतो आणि गीता उघडतो, हेच केवढं मोठं आहे. त्याच्या नाकासमोर कागदाच्या पट्ट्या धरल्या तर तो उद्या येईल का? माझी आई 'विष्णुसहस्रनाम' म्हणायची, तिचे निम्मे शब्द अशुद्ध होते. तिच्या म्हणण्याने आमच्या घराची सकाळ व्हायची. भावग्राही जनार्दनः असं आपणच म्हणतो ना? जो 'विष्णाय' म्हणतो आणि जो 'विष्णवे' म्हणतो, दोघांनाही पुण्य सारखंच.


घनपाठ
८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

सह्यकडा काका, तुमच्या आईंबद्दल वाचून माझी आजी आठवली. देवापुढे बसलेल्या माणसाचे उच्चार तपासायला कोणी जाऊ नये, याबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूचा. पण ताईंकडे आलेली माणसं वाचायला शिकायला आली आहेत. त्यांनी मागितलंय तेच द्यायला नको का? आणि वाचताना आवाज बदलला की शब्द बदलतो. तो जुना श्लोक तुम्हाला ठाऊक असेलच: बाप मुलाला म्हणतो, फार शिकला नाहीस तरी व्याकरण शीक, नाहीतर स्वजनाचा श्वजन होईल, सकलाचं शकल आणि सकृत् चं शकृत्. आपली माणसं कुत्री झाली, सगळं होतं त्याचा तुकडा झाला, आणि 'एकदा'चं शेण झालं. इंग्रजी बोलणाऱ्याला स-श सोपे आहेत, पण त्याचं दिन आणि दीन एक होतं, सुत आणि सूत एक होतं. कर्ण सूतपुत्र होता. तिथे ऊ ह्रस्व केला तर काय उरलं?

मी फोंड्याजवळचा, गोव्याचा. लहानपणी सहा वर्षं पाठशाळेत काढली. गुरुजी पहिल्याच आठवड्यात पाणिनीय शिक्षेतला (शिक्षा म्हणजे उच्चार शिकवणारा ग्रंथ) वाघिणीचा श्लोक सांगायचे. वाघीण पिल्लाला दाढांत धरून नेते, पडू देत नाही आणि दात रुतूही देत नाही. वर्ण तसे उच्चारावेत. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बाबतीत मला हा श्लोक फार खरा वाटतो, कारण जोर देण्याच्या सवयीने ते एक अक्षर चावतात आणि उरलेली पाडतात. 'रामायण'मध्ये य लघु आहे. ते 'रामायाना' म्हणतात, कारण त्यांच्या भाषेला शेवटून दुसऱ्या अक्षरावर वजन टाकावंसं वाटतं. 'आसन'चं 'असाना' होतं ते त्याच कारणाने: पहिला आ चुरगळला, दुसरा फुगला.

ह्रस्व-दीर्घ शिकवायला स्वरांपासून सुरुवात करू नका, छंदापासून करा. धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे. आठ अक्षरं. टेबलावर बोटाने मोजायचं, लघुला एक टिचकी, गुरूला दोन. धर्, मक्, क्षे, त्रे, कु, रुक्, क्षे, त्रे. यात फक्त कु लघु. बाकी सगळी गुरू. एकूण पंधरा टिचक्या. 'म' मुळात ह्रस्व असून गुरू का, तर पुढे क्ष हे जोडाक्षर आहे, म्हणून आवाज क् वर टेकतो. हे बोटाने एकदा कळलं की तोंडाने सांगावं लागत नाही. सुरुवातीला सूर लावू नका, सूर लावला की जोर परत येतो. सपाट आवाजात, बोट हलत ठेवून. शिक्षेत मात्रा सांगायला पशुपक्षी घेतले आहेत: चाष (नीळकंठ पक्षी) एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन, आणि मुंगूस अर्धी. लीड्सला चाष नसेल, पण कावळे आहेत. त्यांना कावळा ऐकायला सांगा.

जाता जाता आपल्याबद्दलही. पाठशाळेत गुरुजींना सगळ्यांत जास्त कष्ट आम्हा मराठी-कोकणी पोरांवर घ्यावे लागले. ज्ञ चं आम्ही 'द्न्य' करायचो, तो ज् आणि ञ यांचा आहे. ष ला सरळ श म्हणायचो. चमच्यातला च 'चरति'मध्ये घुसवायचो. एकाच ठिकाणी आम्हाला शाबासकी मिळायची, ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात, अग्निमीळे. तो ळ आमच्या घरचा होता.


चिंचगूळ
८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

घनपाठ, अगदी हेच मला म्हणायचं होतं. यादी वाढवते. ब्रह्म मध्ये ह आधी, म नंतर. आपण 'ब्रम्ह' म्हणतो. जिह्वाची जिव्हा केली आणि प्रह्लादाचं प्रल्हाद तर आपण लिहायलाही लागलो. सिंह, संस्कृत यांच्या अनुस्वारात आपला व शिरतो. तरुण मुलं 'फल'चा फ आता इंग्रजीसारखा वारा सोडून काढतात. म्हणजे परदेशी विद्यार्थ्याची जी चूक मी सुधारते तीच माझ्या भाचीची आहे.

आणि शेवटचा अ! 'योगा' म्हणणाऱ्यांना आपण नावं ठेवतो, पण आपण स्वतः 'योग्' म्हणतो, अ गिळून टाकतो. संस्कृतात तो अ आहे. ते लांबवतात, आपण खातो. बरोबर उच्चार मधे कुठेतरी एकटा उभा असतो.


माजघर
१४ फेब्रुवारी, रात्री ११:४५

मंडळी, कालचा गुरुवार तुमच्या सगळ्यांमुळे वेगळाच गेला.

टिश्यूच्या पट्ट्या फाडल्या. पडजीभताई, तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. योग शिकवणाऱ्या दोघींपैकी एकीने 'स्पिन'मधला स गाळला, पट्टी हलली नाही, मी टाळी वाजवली आणि ती म्हणाली, 'पण हा तर ब आहे.' मग गळ्यावर बोटं ठेवून तिने एकदा ब म्हटला, एकदा तो नवा प. दोनतीनदा म्हटल्यावर ती गप्प झाली आणि हळूच म्हणाली की मी आठ वर्षं 'पद्मासन' चुकीचं सांगत आले. मी म्हटलं, आठ वर्षं पाय तरी बरोबर दुमडलेस ना, आता ओठ.

त साठी मला स्वतःला एक गंमत सापडली. इंग्रजीत त नाही असं आपण म्हणतो, पण 'एट्थ' या शब्दात आहे. पुढचा आवाज दातांत काढायचा असतो म्हणून जीभ ट च्या वेळीच पुढे सरकून दातांना टेकते. 'टेन्थ' आणि 'मन्थ'मध्ये न तसाच दातांवर येतो. म्हणून 'टेन्थ' म्हणायचं, न वर थांबायचं, आणि तिथूनच जीभ न हलवता 'ति' सोडायचं. शांति! ग्लासगोच्या बाईंनी ते पहिल्यांदा काढलं. ट साठी उलटं केलं: 'ट्री' म्हणायला तयार व्हायचं आणि र यायच्या आत थांबायचं. जीभ तिथे आधीच थोडी मागे गेलेली असते, अजून जरा वळवली की ट. दोन्ही एकापाठोपाठ म्हणायला लावले आणि पहिल्यांदाच सहाही जणांना फरक कानाने कळला.

र अजून पक्का नाही. यॉर्कशरच्या चौघांना आधी 'करम' म्हणायला लावलं, कारण दोन स्वरांच्या मध्ये आलेला र ते गाळत नाहीत. मग मधला अ कमी कमी करत 'कर्म'पर्यंत आलो. वाक्यात आला की परत गळतो.

घनपाठदादा, टिचक्यांना वेळच उरला नाही. पुढच्या खेपेला फक्त त्याच.


सह्यकडा
१५ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

पद्मासनाचं वाचलं. त्या बाईंना राग आला नाही, उलट त्यांना बरोबर म्हणायचं होतं, हे लक्षात आलं. घनपाठांचं सूतपुत्राचं उदाहरणही पटलं. माझ्या आईबद्दलचं माझं म्हणणं तसंच राहू द्या, पण तुमच्या वर्गाबद्दल मी घाई केली. पुढचं अवश्य लिहा, मी वाचतोय.


माजघर
२८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

दोन गुरुवार फक्त बोटं आणि टेबल. काल आजोबांनी एकट्याने 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे समवेता युयुत्सवः' वाचलं. बोट टेबलावर, डोळे पुस्तकात. पोस्टात असताना पत्रांच्या थप्प्या ते याच बोटाने मोजायचे म्हणे. 'धर्म'मधला ध आधी 'डह' झाला, त्यांनी स्वतःच मान हलवली, पट्टी उचलली, पुन्हा काढला. 'कु' एका टिचकीत सुटला. 'समवेता'ला चौघं अजून अडखळतात, कारण पहिले दोन लघु पाठोपाठ येतात आणि जोर कुठेतरी टाकावासा वाटतो. आजोबा तिथे न थांबता गेले. विसर्गाला त्यांनी 'युयुत्सवह' म्हणून हलका श्वास सोडला आणि पुस्तक मिटलं. खोलीत कोणी काही बोललं नाही.

मग त्यांनी मला विचारलं, 'तुम्ही ब्रह्म म्हणता तेव्हा म आधी येतो. लिहिलंय तर ह आधी.' त्यांचा कान एवढा तयार झालाय! मी प्रामाणिकपणे सांगितलं की ही आमच्या मराठीची सवय आहे. आता वर्ग संपताना आम्ही दोघं मिळून तो शब्द पाच वेळा म्हणतो. मला तो त्यांच्यापेक्षा कठीण जातो.

आता पुढचा श्लोक, 'दृष्ट्वा तु पाण्डवानीकं व्यूढं दुर्योधनस्तदा'. पहिल्याच शब्दात ऋ, ष, ट, व सगळे एकदम. ते एक वेळ सुटतील, अमेरिकन मुलगा ऋ छान काढतोय. पण 'व्यूढं'मधला ढ कुठून आणू? 'क्लबहाउस'सारखा काही शब्द आहे का?


पडजीभ
२८ फेब्रुवारी, रात्री १०:५५

'रोडहाउस' घ्या. आधी नेहमीसारखं म्हणू द्या. मग 'ड्रीम' म्हणताना जीभ जिथे जाते तिथे ती आधी नेऊन ठेवायची आणि तिथून 'रोडहाउस'मधला फक्त 'डहा' सोडायचा. पट्टी आणि गळा दोन्ही तपासा. तो जमला की 'व्यूढं'मधला ऊ दोन टिचक्यांचा ठेवून मग जोडा. घाईने जोडलात तर ऊ ह्रस्व होईल, कारण सगळं लक्ष ढ कडे जातं.